रण ओसरतं तेव्हा

मुंबईकर कच्छला जातो तो डिसेंबर-जानेवारीत, चांदण्यातलं पांढरं रण बघायला. माझं म्हणणं, एकदा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जा, आणि मोठ्या रणाऐवजी लहान रणात जा. इथलं रानगाढवांचं अभयारण्य दरवर्षी १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. उघडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, पाऊस काय करून गेला ते ओलं असतानाच बघायला मिळतं. डिसेंबरपर्यंत त्यातलं बरंचसं वाळलेलं असतं.

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. रणाच्या वाट्याला वर्षाकाठी चारशेच्या आसपास, तोही मोजक्या दिवसांत. तरी जवळपास ५ हजार चौरस किलोमीटरच्या या मुलखाचा बराचसा भाग पाण्याखाली जातो, कारण पाणी नुसतं वरून येत नाही. पूर्वेकडून बनास, सरस्वती, रूपेण या नद्या येऊन इथेच विरतात. पश्चिमेकडून, सुरजबारीच्या खाडीतून, नैऋत्येचा वारा कच्छच्या आखाताचं पाणी आत लोटतो. तळ परातीसारखा सपाट, समुद्रसपाटीच्या जेमतेम वर. माती इतकी बारीक की एकदा भिजली की पाण्याला खाली वाटच देत नाही. पाणी बहुतेक ठिकाणी घोट्यापासून कमरेपर्यंत, आणि ते हटतं मुख्यतः उन्हाने आटून. म्हणूनच मीठ मागे राहतं.

गोडं आणि खारं पाणी मिसळल्यामुळे इथे असं काही घडतं की कोळीवाड्यातल्या माणसाने ते जरूर बघावं. भरतीबरोबर कोळंबीची बारीक पिल्लं खाडीतून आत शिरतात, उथळ गढूळ पाण्यात वाढतात आणि ओहोटीबरोबर परत निघतात. ऑगस्टपासून मच्छीमार कुटुंबं सुरजबारीच्या बाजूला मुक्कामाला येतात. पाण्यात काठ्यांची ओळ इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात रोवायची, टोकाला जाळ्याची पिशवी, ओहोटी कोळंबीला आपोआप आत आणून सोडते. वर्सोवा-मढच्या डोल जाळ्याचंच हे तत्त्व, फक्त इथे मे महिन्यात याच जागी जमिनीला भेगा असतात. पाऊस कमी झाला की नद्यांचं गोडं पाणी कमी पडतं आणि हंगाम हातचा जातो.

आता जनावरांकडे. रणाच्या मधे जमिनीचे थोडे उंच तुकडे आहेत, त्यांना ‘बेट’ म्हणतात. पावसाळ्यात ती खरोखरची बेटं होतात, आणि रानगाढवं, म्हणजे इथली घुडखरं, तिथे किंवा रणाच्या काठावर गोळा होतात. गवत तेव्हाच उगवतं. मादीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा; ती विते पावसात आणि त्यानंतर लवकरच पुन्हा माजावर येते, म्हणजे पुढचं शिंगरूही पावसातच. ऑक्टोबरअखेरीस ही शिंगरं दोन-तीन महिन्यांची असतात: पाय अंगापेक्षा लांब, रंग आईपेक्षा फिका, आणि आईच्या बगलेला इतकी चिकटून की लांबून सहा पायांचं एकच जनावर वाटावं. १९६९च्या गणतीत ३६२ घुडखरं उरली होती. २०२४मध्ये ७,६७२ मोजली गेली. ही वाढ आनंदाची आहे, पण बेटांवरचं गवत तेवढंच आहे. कळप रात्री काठावरच्या शेतांत उतरतात आणि शेतकरी राखणीला जागतात. जिथे मुक्काम कराल तिथे हे ऐकून घ्या.

फ्लेमिंगोंचं, म्हणजे रोहित पक्ष्यांचं, नातं तर थेट आपल्याशी. मे-जूनमध्ये शिवडी-ऐरोलीची खाडी रिकामी होते, त्यातले बरेच रोहित कच्छकडे जातात. मोठ्या रणात खडीर बेटाजवळ त्यांची जुनी वीण-वसाहत आहे. सलीम अलींनी १९४५मध्ये तिथे सुमारे ५ लाख पक्ष्यांचा अंदाज केला होता. घरटं म्हणजे चिखलाचा वीतभर-दीड वीत उंच बुरूज, वर खोलगट, त्यात एकच अंडं. सगळं पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतं. पाणी जास्त झालं तर बुरूज बुडतो, लवकर आटलं तर कोल्हे-कुत्रे चालत पोचतात. त्यामुळे एखाद्या वर्षी वीण अजिबात साधत नाही. लहान रणात ऑक्टोबरअखेरीस ते चरताना दिसतात. चोच उलटी पाण्यात, पाय जागच्या जागी नाचवत, आणि मागे चिखलात पडलेली गोल खळगी.

जायचं कसं? दादरहून सयाजीनगरी किंवा वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्स्प्रेसने विरमगाम. दोन्ही गाड्या तिथे रात्री अवेळी पोचतात, तेव्हा गाडी आधीच सांगून ठेवा. नाहीतर रात्रीच्या मेलने अहमदाबाद आणि पुढे रस्त्याने दोनेक तासांत दसाडा. मुक्काम दसाडा, झैनाबाद किंवा पाटडीला, प्रवेश बजाणाच्या चौकीवरून. ओळखपत्र सोबत असू द्या. दोन सकाळ आणि एक संध्याकाळ एवढा वेळ हवाच. पहाटे उजाडताना आत शिरा. दहानंतर जमीन तापते, मृगजळ उठतं आणि दुर्बिणीतून सगळं हलतं. समोर पाणी आहे की मृगजळ हे ठरवायची साधी खूण म्हणजे पक्ष्याचे पाय. पाय स्पष्ट दिसून खाली स्थिर प्रतिबिंब असेल तर पाणी. पाय विरघळल्यासारखे दिसले तर हवा.

स्वतःची गाडी आत घालू नका, फोर-व्हील असली तरी. या दिवसांत चिखलावर बोटभर जाडीचा कोरडा पापुद्रा असतो. त्यावर माणूस चालतो, जीप मात्र आसापर्यंत खाली जाते. चाकं जितकी फिरवाल तितकी ती रुतते, कारण खालची माती साबणासारखी होते. जाणता चालक जुनी चाकोरी सोडत नाही आणि रंग बघतो: फिकट, भेगाळलेली जमीन चालते, गडद, गुळगुळीत, किंवा मिठाने नुकती पांढुरकी झालेली टाळायची. शंका आली की उतरून टाच रोवून बघतो. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि जुने बूट घ्या. हा चिखल वाळला की सिमेंट होतो. घुडखरांमागे गाडी पळवायला सांगू नका. कळप सुटतो आणि शिंगरू मागे पडतं.

बेटावर उतरायला मिळालं तर गुडघे टेकून जमीन बघा. घुडखराच्या खुराच्या ठशात चमचाभर पाणी उरलेलं असतं, काठाला मिठाचे डोळ्यांना दिसतील एवढे चौकोनी कण. बाजूलाच आपल्या खाडीकाठच्या मोरसेच्या जातीची मांसल पानं लालसर झालेली. त्यापलीकडे गांडा बावळ, परदेशी बाभूळ. घुडखरं तिच्या शेंगा खातात आणि लिदीतून बी बेटभर पेरतात, नि बावळ वाढली की गवताची जागा जाते.

याच सुमाराला अगरिये, म्हणजे मीठ पिकवणारी कुटुंबं, परततात. खाऱ्या पाण्याची विहीर नव्याने खणायची, पाटे, म्हणजे मिठाचे वाफे, पायांनी तुडवून घट्ट करायचे. मीठ मात्र मार्च-एप्रिलमध्ये हाती येतं. त्यांना नको असतं ते अवेळी पाणी. अवकाळी पाऊस, किंवा अलीकडे नर्मदेच्या कालव्यांचं रणात उतरणारं जादा पाणी. तयार पाटा त्यात विरघळतो. भांडुप-मुलुंडची मिठागरं बघितलेल्याला पाटा ओळखता येईल, पण इथे समुद्र दिसत नाही. खारं पाणी पायाखालून येतं.

सूर्य टेकायच्या आधी चौकी गाठा. अंधारात चाकोरी दिसत नाही, आणि रणात दिशा धरायला झाडसुद्धा नसतं.