जिनिव्हाचा करार आणि मालवणचा फोन

१७ जून २०२२. जिनिव्हात रात्रभर चाललेल्या वाटाघाटींनंतर जागतिक व्यापार संघटनेत मासेमारी अनुदानावरचा करार मंजूर झाला. बेळगावच्या एका मराठी दैनिकात देश-विदेशचं पान तेव्हा मी लावायचो. ही बातमी पहिल्या पानावर घेऊया म्हटलं, तर वरिष्ठ म्हणाले, "आपल्याकडं समुद्र कुठाय? आत दोन कॉलम टाका की."

मला ते पटलं नाही. बेळगावच्या कॅम्प भागातल्या बाजारात मिळणारा बांगडा आंबोली नाहीतर चोर्ला घाट चढूनच येतो. किनाऱ्यावर पावसाळी बंदी लागली की इथला मासळीचा वाटा महागतो, हे घरोघरी ठाऊक आहे.

मालवणच्या ओळखीच्या तांडेलकाकांना फोन लावला. बंदीचे दिवस, होडी वर ओढून ठेवलेली, काका जाळं सांधत बसले होते. त्यांची होडी लहान, दोन सिलिंडरच्या इंजिनाची. कराराचा मसुदा समोर घेऊन मी एकेक कलम सांगत गेलो: बेकायदा मासेमारीला सरकारी पैसा नाही, साठा खालावलेल्या माशांच्या मासेमारीला नाही, कुणाचंच नियंत्रण नसलेल्या खोल समुद्रातही नाही.

"ह्या बरा आसा," काका म्हणाले. "पण माजो डिझेलचो परतावो बंद होतलो काय?"

मच्छीमारांच्या डिझेलवरचा कर सरकार परत देतं, तो हा परतावा. आलेल्या बातमीत याचं उत्तर नव्हतं. पुन्हा मसुद्यात शोधलं. वाजवीपेक्षा मोठे ताफे पोसणाऱ्या अनुदानाचं प्रकरणच एकमत न झाल्यामुळे वगळलेलं होतं. भारताने त्यात विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची मुदत मागितली होती. म्हणजे काकांचा परतावा तूर्त सुरक्षित; पण परक्या समुद्रात जाऊन मासळी उपसणाऱ्या महाकाय जहाजांचं इंधन अनुदानही तसंच सुरक्षित. हिंदी महासागरात यलोफिन जातीच्या कुप्याच्या (ट्यूना माशाच्या) कोट्यावरून किनारी देश आणि युरोपीय संघ यांच्यात जो वाद आहे, त्याच्या मुळाशी हीच विषमता आहे. वाटाघाटी देशांच्या नावाने होतात, दोन सिलिंडरची होडी त्यात कुठेच दिसत नाही. मला हा उघड अन्याय वाटतो.

काका मात्र घराजवळचं बोलत होते. "रातीचे मलपीचे हायस्पीड येतत आनि आमच्या दारातलो बांगडो उचलून नेतत. त्येंका कोण थांबवतलो?" मलपी हे कर्नाटकातलं बंदर, हायस्पीड म्हणजे तिथले वेगवान ट्रॉलर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, भांडणं तिथेही आहेतच. त्या ट्रॉलरवरचा खलाशीही पोटासाठीच राबतो, हे काकांनाही मान्य होतं.

मग बातमी नव्याने लिहिली, डिझेल परताव्यापासून सुरुवात करून. सोबत आइसलँडची चौकट दिली. त्या देशाने १९७५ मध्ये मासेमारीची हद्द २०० मैलांवर नेली, ब्रिटिश ट्रॉलरची जाळी कापली, ब्रिटनने नौदल धाडलं. १९७६ मध्ये आइसलँड जिंकला आणि हल, ग्रिम्सबीसारख्या बंदरांतल्या कामगारांचा रोजगार गेला. समझोत्यावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणाची चूल विझली नाही.

वरिष्ठांनी मजकूर वाचला आणि पहिल्या पानावर तळाला जागा दिली. करार १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला. मोठ्या ताफ्यांचं वगळलेलं प्रकरण २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही सुटलं नव्हतं.