दोनच जागा, आणि त्यात कुठली रायफल बसवायची

अमेरिकेतले हौशी लोक जुन्या व्हरमिंट रायफली जमवतात, म्हणजे शेताकुरणात बिळं पाडणाऱ्या छोट्या जनावरांवर लांबून अचूक नेम साधायला बनवलेल्या बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्टचा दांडा मागे-पुढे करून काडतूस भरायच्या) रायफली. विंचेस्टर मॉडेल ७०, रेमिंग्टन ७२२, साको, एकीला लागून एक अशी कपाटभर रांग! आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच बंदुका, आधी तीन चालायच्या. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे आमचं सगळं काय ते कागदाच्या टार्गेटवर. मग पुण्यात बसून या रायफलींचा नाद करायचा म्हणजे वाचायचं जास्त, हाताळायचं कमी आणि घ्यायचं तर फारच विचार करून.

वाचण्यासारखं मात्र भरपूर आहे बरं का. .२२ हॉर्नेट हे काडतूस १९३० च्या आसपास आलं, ४५ ग्रेनची (तीनेक ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण आठशे मीटरने जाते, नंतर १९३५ ला .२२० स्विफ्ट, ते तर बाराशेच्या वर, पण नळी लवकर खातं अशी त्याची ख्याती. १९५० ला रेमिंग्टनने .२२२ काढलं, ते आवाजाला आणि धक्क्याला सौम्य आणि अचूकतेला इतकं भारी की बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणारे) वर्षानुवर्षं तेच वापरत होते.

माझ्या दोन जागांपैकी एका जागेवर चेक बनावटीची जुनी ब्रनो मॉडेल २ आहे, पॉइंट टू टू, म्हणजे हॉर्नेटहून बऱ्याच कमी ताकदीचं छोटं काडतूस वापरणारी, काकांकडून रीतसर लायसन्सवर आलेली. व्हरमिंटवाले तिला नाक मुरडतील, पण बोल्ट असा सरकतो की आजच्या नव्या रायफली हातात घेतल्या की खडखडाट वाटतो. पाच राउंडचं मॅगझिन, मागची साइट २०० मीटरपर्यंत चढवता येते, अर्थात पॉइंट टू टूने २०० मीटरवर काय मारणार, ते आपलं शोभेला. देशी काडतूस मिळतं, पण प्रत्येक रायफलची आवड वेगळी, एका लॉटला पाच गोळ्या रुपयाच्या नाण्यात बसतात आणि दुसऱ्या लॉटला बशीएवढा ग्रुप पडतो.

जुनी घेताना मी आधी नळीचं तोंड बघतो. तिथली कड झिजली असेल तर बाकी पॉलिश कितीही चकचकीत असो, उपयोग नाही. बोल्ट ॲक्शनचा मोठा फायदा हाच की बोल्ट काढून मागून रॉड घालता येतो, तोंडाकडून घासावं लागत नाही. मग चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) कड, कारण रिमफायरमध्ये, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते अशा पॉइंट टू टूसारख्या रायफलीत, रिकामा घोडा ओढत बसलं की फायरिंग पिन तिथेच आपटते आणि खाच पडते, हे उद्योग घरी आलेल्या पाहुण्यांनी हमखास केलेले असतात, "जरा बघू" म्हणत.

आणि पुण्याचा पावसाळा! दस्त्याचं लाकूड फुगतं आणि कुठेतरी नळीला टेकतं, मग उन्हाळ्यात झिरो केलेली (साइट नेमाशी जुळवलेली) रायफल ऑगस्टमध्ये शेजाऱ्याच्या टार्गेटकडे बघायला लागते. शंभराची नोट नळी आणि लाकडाच्या मधून सरकवून बघायची, अडकली तिथे दाब आहे. काही रायफलींत पुढच्या टोकाला मुद्दाम दाब ठेवलेला असतो, म्हणून लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नका. निवडणुका लागल्या आणि रायफल पोलिसांकडे जमा करायची वेळ आली की द्यायच्या आधी तेलाचा जाड हात द्या, तिकडे कोण पुसतंय.

आता एका ओळखीच्यांकडे ब्रनोचीच हॉर्नेट आहे, झेडकेडब्ल्यू ४६५, छोट्या आकारात उतरवलेली माउझर ॲक्शन (प्रसिद्ध जर्मन बोल्टची रचना), बघताक्षणी माणूस वेडा होईल अशी. ते द्यायला तयार आहेत. काडतुसं सहज मिळत नाहीत, मिळाली तर एकेक राउंड मोजून उडवायचा, हे सगळं कळतंय तरी घ्यावीशी वाटते. पण दुसऱ्या जागेवर आजोबांची बारा बोअर आहे, ती काढायची म्हटलं तर आईला सांगणार कोण?