मिल्कवीडची तीन पाने आणि सहा आठवडे

ओझोनच्या प्रदूषणाने पानांवर पडणारे ठिपके ओळखायला मला दोन दुपारी पुरल्या; ते ठिपके खरोखरच ओझोनचे आहेत हे एका कार्यालयाच्या गळी उतरवायला मात्र सहा आठवडे लागले. गेल्या वर्षीचा तो राग अजून पुरता निवलेला नाही. इथे पेनसिल्व्हेनियात आमच्या ओळखीतली दोन-तीन मराठी कुटुंबे पुढच्या उन्हाळ्यात रानटी झाडांच्या पानांवरून ओझोन शोधण्याच्या पाहणीचे हेच स्वयंसेवी काम घेणार आहेत, त्यांचे तरी आठवडे वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने आणि वीजकेंद्रे यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड व हवेतल्या सेंद्रिय वाफा यांच्यावर कडक ऊन पडले की तो हवेतच तयार होतो, आणि वाऱ्याबरोबर शहरापासून दूर, रानामाळापर्यंत जातो. तिथे मोजणी यंत्रे क्वचितच असतात. काही रानटी झाडे मात्र त्याची नोंद स्वतःच्या पानांवर ठेवतात, कारण पर्णरंध्रांतून आत शिरलेला ओझोन पानाच्या वरच्या बाजूच्या उभ्या पेशी मारतो आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे जांभळट-काळे ठिपके उमटतात. अमेरिकेच्या वनसेवेने १९९० च्या दशकात याच लक्षणांवरून जंगलांची पाहणी सुरू केली. पूर्वेकडच्या राज्यांत त्यासाठी मिल्कवीड, ब्लॅक चेरी आणि रानटी ब्लॅकबेरी ही नेहमीची झाडे. मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातले आहे. पान तोडले की तसाच पांढरा चीक येतो. आईला व्हिडिओ कॉलवर ते दाखवले, तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, "अगं, शनिवारी मारुतीला चालेल का ही?"

प्रशिक्षण, उघड्या माळाची निवड आणि जागामालकाची परवानगी हे सारे जूनमध्ये विनासायास पार पडले. जुलैच्या अखेरीस मी मिल्कवीडची ३० झाडे तपासली. प्रत्येक झाडाची किती टक्के पाने ठिपकेदार आहेत आणि त्या पानांचा किती टक्के भाग ठिपक्यांनी व्यापला आहे, या दोन्हींना शून्य ते पाच असे अंक द्यायचे असतात: १ ते ६ टक्क्यांना एक, ७ ते २५ टक्क्यांना दोन, आणि ७५ च्या वर गेले की पाच. माझ्या ३० पैकी ११ झाडांवर ठिपके होते. इथपर्यंत मला स्वतःचे कौतुकच वाटत होते.

अडले ते नमुन्यांपाशी. ठिपके आढळले तर त्या झाडांची तीन पाने दाबून, वाळवून, दोन पानी तक्त्यासह प्रकल्पाच्या कार्यालयाकडे पाठवावी लागतात, आणि तिथल्या तज्ज्ञाने मान्य केल्याशिवाय तुमची पाहणी नोंदवली जात नाही. हा नियम योग्यच आहे, कारण कोळ्यांसारख्या बारीक किडी, बुरशी, म्हातारपण यांनीही पानांवर डाग पडतात आणि उत्साही स्वयंसेवकाला प्रत्येक डाग ओझोनचाच वाटतो. माझे भांडण नियमाशी नाही. पाकीट गेल्यानंतर १९ दिवस काहीच कळले नाही. फोन केला की ध्वनिमुद्रित आवाज संदेश ठेवायला सांगे, आणि ईमेलला तत्काळ उत्तर येई की आपला ईमेल मिळाला आहे. विसाव्या दिवशी पाकीट जसेच्या तसे परत आले आणि त्यावर एकच ओळ होती: "लक्षणे निश्चित करता येत नाहीत." कोणती लक्षणे, कोणत्या पानावरची, आणि काय केले असते तर निश्चित करता आली असती, याबद्दल अक्षरही नव्हते. तोवर ऑगस्ट निम्मा उलटला होता, झाडांची खालची पाने पिवळी पडू लागली होती, आणि पाहणीची मुदत महिनाअखेरीस संपत होती.

पाकीट उघडल्यावर एक चूक माझी मलाच दिसली. पाने मी जुन्या दिवाळी अंकात दाबली होती. गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही, आणि मिल्कवीडचे पान जाड व चिकाळ. एका पानावर करडी बुरशी चढली होती. साध्या वर्तमानपत्रात दाबावे आणि कागद रोज बदलावा. पण उरलेली दोन पाने स्वच्छ होती, त्यांच्यावरचे ठिपके भिंगाशिवाय दिसत होते, आणि ती का नाकारली हे मला त्या दिवशी कळेना.

ते कळले एका निवृत्त शिक्षिकेकडून. या बाई बऱ्याच वर्षांपासून हीच पाहणी करत आहेत. त्या माझ्याबरोबर माळावर आल्या, मिल्कवीडचे एक पान त्यांनी उजेडासमोर धरले आणि भिंग माझ्या हातात दिले. ठिपके शिरांपाशी येऊन थांबत होते, शिरा हिरव्याच होत्या. पान उलटले तर खालची बाजू कोरी. बुरशीचा डाग शिरा ओलांडतो आणि बहुधा दोन्ही बाजूंना दिसतो, किडीने टोचलेली खूण फिकट असते आणि पानाखाली जाळे सापडते. मग त्यांनी वरचे पान बाजूला सारले. त्याच्या सावलीत आलेला खालच्या पानाचा भाग स्वच्छ हिरवा होता, आणि जिथे सावली संपली होती त्या रेषेपासून ठिपके सुरू होत होते, जणू कुणी कागद ठेवून रंग फवारला असावा. "ही रेष पाठव," एवढेच त्या म्हणाल्या. तक्त्याच्या मागच्या पानावर सर्वांत खाली, पत्त्याच्या चौकटीला चिकटून, सावलीच्या खुणेचा रकाना होता. तो मी कोरा सोडला होता. माझ्या मते तो पहिल्या पानावर ठळक हवा, आणि पाकीट परत पाठवताना त्यावर निदान एक बाण काढायला कुणाचे काय जात होते?

दुसऱ्या खेपेस मी तीनपैकी दोन पाने देठासकट, एकावर एक जशी होती तशीच दाबली, सावलीची रेष दिसेल असा फोटो जोडला आणि पाकीट मुदतीच्या दोन दिवस आधी रवाना केले. सप्टेंबरच्या मध्यावर उत्तर आले: "मान्य." तेवढाच शब्द. तरीही मी तो ईमेल घरात सर्वांना वाचून दाखवला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पान तोडण्यापूर्वी त्याच्या खालच्या बाजूला मोनार्क फुलपाखराची अंडी नाहीत ना, हे पाहून घ्यावे, कारण त्याच्या अळ्या मिल्कवीडवरच जगतात. हातमोजेही घालावेत, चिकाचा हात डोळ्याला लागला तर आग होते.

यंदा जून-जुलै कोरडे गेले. जवळच्या मोजणी केंद्रावर ओझोन काही दिवस अब्जात ७० भागांच्या मर्यादेवर गेला, तरी माझी तीसही झाडे जवळपास निष्कलंक होती, कारण पाण्याच्या ताणात झाड पर्णरंध्रे मिटून घेते आणि ओझोन आत शिरतच नाही. जे चार-सहा डाग होते ते शिरा ओलांडणारे, बुरशीचे निघाले. मी ३० शून्ये भरली आणि पावसाचा तुटवडा शेऱ्यात लिहिला. शून्याला नमुना लागत नाही; माझी पाहणी दोन दिवसांत मान्य झाली.