पेठेतल्या अभ्यासिका आणि आमची डॉक्युमेंटरी

आज दिवसभर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांचे जिने चढलो. तरुणांमधल्या अँग्झायटीवर छोटी डॉक्युमेंटरी करतोय, त्याची रेकी, म्हणजे शूटिंगआधीची पाहणी. कॅमेरा मुद्दाम नेला नाही. ‘टेन्शन येतं का?’ विचारलं की पोरं हसतात. ‘घरून फोन आला की काय सांगता?’ विचारलं की बोलायला लागतात. छातीत धडधड, रात्र-रात्र जाग, गावाकडच्या लग्नांना जाणं बंद. त्यात एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक. ऑब्जेक्टिव्हवर उमेदीची वर्षं घातलेल्यांची धास्ती वेगळीच. चेहरे दाखवायचे नाहीत, हे पक्कं. रडकं पार्श्वसंगीतही नको (एडिटरला भारी हौस!). शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टाकणार. आज भेटलेल्यांपैकी कुणालाच तो माहीत नव्हता. आता अभ्यासिकावाल्या काकांची शूटिंगला परवानगी मिळवायचीय.