घरासमोरच्या रस्त्यानं समुद्रापर्यंत: विट्याहून गुहागर, नाताळचे चार दिवस

विट्यात आमच्या घरापासून शंभर पावलांवरून गुहागर–विजापूर महामार्ग जातो. या रस्त्यानं मी जतला गेलोय, कराडला तर किती वेळा गेलोय याची मोजदाद नाही. पाटीवरचं ‘गुहागर’ हे नाव रोज दिसायचं, पण तिकडं जावं असं कधी मनात आलं नाही. दिवाळीनंतर एकदा आई ओट्यावर बसून गाड्या बघत होती. तिनं विचारलं, “ह्यो रस्ता शेवटाला कुठं जातो रं?” म्हटलं, समुद्रावर. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

आई अडुसष्ट वर्षांची, माहेर आटपाडी तालुक्यातलं. पंढरपूर, तुळजापूर, जोतिबा, अंबाबाई सगळं झालं. समुद्र मात्र पाहिलेला नव्हता. २०२५ मध्ये पंचवीस डिसेंबर गुरुवारी आला होता आणि मुलीच्या शाळेला नाताळची सुट्टी होती. शुक्रवारची एक रजा टाकली की रविवारपर्यंत चार दिवस मोकळे मिळत होते. मित्रमंडळी गोव्याला निघाली होती, आम्हालाही बोलावत होती. पण नाताळातला गोवा म्हणजे गर्दी, आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. तिला थंडी सोसत नाही. आमच्या खानापूरच्या पठारावर डिसेंबरात पहाटे हातपाय आखडतात आणि ती उन्हं वर येईपर्यंत चुलीजवळून हलत नाही. म्हणून गुहागर ठरलं.

मिरजेचा माझा कॉलेजचा मित्रही कुटुंबासह येणार होता. तो ख्रिस्ती आहे, त्यामुळं नाताळची सकाळ घरी आणि चर्चमध्येच घालवायची होती. सकाळची उपासना आणि नातेवाइकांचं जेवण उरकून तो दुपारी निघणार, आम्ही पहाटे निघणार, असं ठरलं.

अंतर दोनशे किलोमीटरांच्या आत आहे, पण त्यावर विसंबून वेळ काढू नका. आम्ही साडेपाचला निघालो आणि थांबत थांबत दीडला पोचलो. कडेपूर, ओगलेवाडी करत कराडला सातच्या आत पोचता येतं. ओगलेवाडी आली की आई दरवेळी प्रभाकर कंदिलाची आठवण काढते. तिच्या माहेरी वीज येईपर्यंत तोच होता, आणि तो याच गावच्या कारखान्यात व्हायचा. कराडनंतर रस्ता कोयनेच्या काठानं उलटा वर चढतो: मल्हारपेठ, पाटण, मग हेळवाक. पाटणच्या पुढं काही ठिकाणी रस्ता इतका खराब होता की गाडी वीसच्या वर नेता येईना. गाडीत म्हातारं माणूस असेल तर कमरेमागं उशी हवीच. पेट्रोल कराडला पूर्ण भरून घ्या. नाश्ताही कराड किंवा पाटणला उरका. घाटाच्या तोंडावर पोट भरलेलं असेल तर मुलांना त्रास होतो. आमच्या मुलीला झालाच. दुसऱ्या वेळी, म्हणजे परतताना, तिला घाटाआधी फक्त आवळासुपारी दिली आणि पुढं बसवलं. काही झालं नाही.

कोयनानगरला मात्र घाई करू नका. नेहरू उद्यानातून धरणाची भिंत समोर दिसते, १०३ मीटर उंच. आईनं भिंतीकडं पाहिलं आणि पहिल्यांदा भूकंपाची गोष्ट काढली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ती तेव्हा दहा वर्षांची होती. आटपाडीकडं फळीवरची भांडी खाली आली, सगळे घोंगड्या घेऊन अंगणात बसले, आणि कोयनेला काही तरी झालंय हे दुसऱ्या दिवशी कळलं. ही गोष्ट तिनं आम्हाला कधी सांगितली नव्हती. तिला ती जागा दाखवली म्हणून निघाली.

तिथंच मी तिला पाण्याचं सांगितलं. धरणातून सुटलेलं काही पाणी कोयनेतून कराडला कृष्णेत मिळतं, आणि तेच टेंभूला उपसून आमच्या खानापूर-आटपाडीला येतं. पण जास्त पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवतात, त्यावर वीज करतात आणि मग ते पोफळीजवळ कोकणात सोडतात. आईनं आयुष्यातली कितीतरी वर्षं टँकरच्या रांगेत काढली आहेत. ती म्हणाली, “खाली सोडून देत्यात?” मी म्हटलं, व्हय. मग कुंभार्ली घाट उतरेपर्यंत ती खिडकीतून बाहेरच बघत होती.

घाट सावकाश उतरा. वळणं अवघड आहेत आणि ऊस, सिमेंट, कंटेनर अशा जड गाड्या असतात. घाटाच्या तोंडाशी स्वेटर लागतो आणि पोफळीला पोचेपर्यंत काच खाली करावी लागते, इतका हवेत फरक पडतो. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा रस्ता लागतो. नाताळात तिथं गाड्या अडकतात, आमचा पाऊण तास गेला. शक्य असेल तर दहाच्या आत तो नाका पार करा. पुढं शृंगारतळी हे बाजाराचं गाव. रोख पैसे, औषधं, पाण्याचे कॅन इथंच घ्या. गुहागरला माझं यूपीआय दोनदा अडकलं आणि नारळवाल्याचे पैसे दुसऱ्या दिवशी नेऊन द्यावे लागले.

राहण्याबाबत एक अनुभव सांगतो, म्हणजे तुमचं तसं होणार नाही. महिनाभर आधी एका लॉजला आगाऊ पैसे भरले होते. तिथं पोचलो तर आमच्या खोल्या दुसऱ्यांना दिलेल्या. आईला गाडीत बसवून मी तासभर गावात फिरत होतो. शेवटी एका पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या टोकाला, सुपारीच्या वाडीत, एका काकूंच्या घरी दोन खोल्या मिळाल्या. “आजींना खालचीच खोली देत्ये हो, जिना नको त्यांना,” हे त्यांचं पहिलं वाक्य. आम्ही कोण, कुठले, पैसे किती, हे नंतर. म्हणून सांगतो, नाताळासाठी घरगुती ठिकाणच बघा, नोव्हेंबरातच ठरवा, आणि निघायच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करून खोली पक्की आहे का ते विचारा. खोलीला दिवसाचे अडीच हजार पडले. जेवण वेगळं.

संध्याकाळी पाचला आईला घेऊन किनाऱ्यावर गेलो. गुहागरचा किनारा लांबच लांब आहे, जवळजवळ सहा किलोमीटर, आणि मागं सुरूची झाडं आहेत. वाळू पाण्याजवळ घट्ट आहे, त्यामुळं काठी टेकत चालणाऱ्यालाही जमतं. वरची कोरडी वाळू मात्र पाय ओढते, तिथं हात धरा. आईनं नदीवर करतात तसं ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि पदराला हात पुसले. मग चपला हातात घेऊन उभी राहिली. लाट आली की मागं सरायची, गेली की पुन्हा पुढं. मुलीनं तिला हात धरून आत नेलं नाही, आईच हळूहळू घोट्याएवढ्या पाण्यात गेली. सूर्य सव्वासहाच्या आत बुडाला. ती म्हणाली, “उद्या लवकर येऊ.”

रात्री जेवताना तिनं काकूंना विचारलं की पाणी संध्याकाळी कमी का होत होतं. काकूंनी सांगितलेला हिशेब इथं मुद्दाम देतो, कारण कोकणात चार दिवस काढायचे तर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साडेचार, एकादशीला सव्वाआठ. दोन्ही पक्षांत तेच, सकाळीही आणि संध्याकाळीही. साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी खूप वर येतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी.

आईला तिथी कॅलेंडर न बघता ठाऊक असते, एकादशी-चतुर्थीच्या उपासांमुळं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दोन्ही कुटुंबांचं वेळापत्रक तीच सांगू लागली. “आज षष्ठी. साडेचारला पाणी भरंल, तवर जेवून घ्या.” मित्राची मुलं तिला विचारूनच पाण्यात जायची. पोहायला उतरणार असाल तर हा हिशेब नक्की लक्षात ठेवा: ओहोटी लागली की पाणी माणसाला आत ओढतं, तेव्हा गुडघ्यापुढं जाऊ नका. आमच्याकडच्या विहिरीत पोहणाऱ्यांना हे कळत नाही. विहिरीचं पाणी जागचं हलत नसतं.

शुक्रवारी हेदवी आणि वेळणेश्वर केलं. हेदवीचा दशभुज गणपती टेकडीवर आहे, पण गाडी वरपर्यंत जाते. खाली किनाऱ्यावर बामणघळ आहे, खडकातली अरुंद चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसून उंच उसळतं, असं ऐकून गेलो होतो. आम्ही बरोबर साडेचारला तिथं होतो, पण भांग जवळ आलेला आणि डिसेंबरचा समुद्र शांत, त्यामुळं पाणी हातभरच उडालं. खास बामणघळीसाठी जाणार असाल तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरा. खडक निसरडे आहेत. आई वरच्या बाजूला थांबली आणि तेच बरं झालं. वेळणेश्वरचा किनारा छोटा, नारळाच्या झाडांनी वेढलेला. माझ्या मते वयस्कांना बसायला गुहागरपेक्षाही तो बरा, कारण देवळातून दोन मिनिटांत पाण्याशी जाता येतं.

गुहागर गावात व्याडेश्वर आणि दुर्गादेवी बघाच. उफराट्या गणपतीची कथा काकूंनी सांगितली: समुद्र गावावर चालून आला तेव्हा पूर्वेकडं तोंड असलेला गणपती पश्चिमेला वळला आणि समुद्र मागं हटला. आई दोन दिवस त्याच्या दर्शनाला गेली.

त्या शुक्रवारी रात्री आमचा नाताळ झाला. मित्र आदल्या रात्री नऊला पोचला होता, डबे भरून करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आणि केक घेऊन. मुलांनी मिरजेहून आणलेली कागदी चांदणी काकूंच्या पडवीत लावली. काकूंनी स्वतः दिवाळीचा आकाशकंदील लावतात ती तार काढून दिली. मित्राच्या आईनं मराठीत प्रार्थना म्हटली, मग एक भजन. टाळ नव्हते, आईनं टाळ्यांवर ताल धरला. करंजी खाऊन ती मित्राच्या आईला म्हणाली, “सारण आमच्यासारखंच हाय की.” त्या दिवशी काकूंनी उकडीचे मोदक केले होते. नारळाच्या वाडीत बसून, अंगावर पातळ सुती साडीखेरीज काही न घेता, डिसेंबरच्या रात्री दहापर्यंत आई बाहेर होती. गुडघ्यांचं नाव तिनं चार दिवसांत काढलं नाही.

जेवणाचं सांगायचं तर घरगुती थाळी दोनशेच्या आत मिळते. आमसुलाचं सार, कुळथाची पिठी, घावणे, सोलकढी. आमच्या तिखटाची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी सगळं गोडसर लागेल. घरची चटणी बरोबर न्या. मासे खाणाऱ्यांसाठी गावात वेगळ्या खानावळी आहेत. घरगुती ठिकाणी आधी विचारल्याशिवाय बाहेरून मासे आणू नका. आंबे या दिवसांत नसतात. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आणा.

शनिवारी अंजनवेल. गोपाळगडाच्या आत आता आंब्यांची झाडं आहेत, तटावरून वाशिष्ठीचं मुख आणि पलीकडचं दाभोळ दिसतं. जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. मग धोपाव्याहून गाडीसकट फेरीबोटीनं दाभोळला गेलो. सुट्टीत गाड्यांची रांग लागते, सकाळी लवकर जा आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ चढतानाच विचारून ठेवा. दाभोळला चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आहे, आत वाकून जावं लागतं आणि अंधार असतो. आई बाहेरूनच हात जोडून बसली. खाडीजवळची जुनी दगडी मशीद फार देखणी आहे.

परतताना बोटीवर आई गाडीतून उतरून कठड्याला उभी राहिली. तिकिटं फाडणाऱ्या पोराला विचारलं, नदी कुठली? तो म्हणाला, वाशिष्ठी, आजी. मी तिला सांगितलं, पोफळीला सोडलेलं कोयनेचं पाणी याच नदीतून इथं समुद्राला मिळतं.

“म्हंजी परवा धरणात बघितलं त्येच पाणी ह्ये?”

“व्हय.”

बोट पलीकडं लागेपर्यंत ती पाण्याकडं बघत राहिली. “अर्धं तरी आपल्याकडं वळवायला पायजे हुतं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पर लाईटबी लागतीच की लोकान्ला.”

रविवारी पहाटे सहाला निघालो. घाटात गर्दी नव्हती आणि दीडच्या सुमाराला कराडला होतो. प्रीतिसंगमावर थांबलो. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ सावलीत डबा खाल्ला. आई एकटीच घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेली, कृष्णा आणि कोयना मिळतात तिथं बघून आली.

घरी पोचलो तेव्हा शेजारची म्हातारी ओट्यावर आलीच होती. मी डिकीतून पिशव्या काढत होतो आणि आई तिला सांगत होती, “लांब न्हाई गं. आपल्याच रस्त्यानं जायचं. आन् जायाच्या आधी तिथी बघायची.”