ओमाची तिसरी गादी

लेकीच्या बाळंतपणासाठी २०१३च्या मार्चअखेरीस मी नेदरलँड्सला निघाले, तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि दोन सोलापुरी चादरी होत्या. मागे सोडलेलं सोलापूर तहानलेलं होतं. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलेलं, सांगोल्याकडे जनावरांच्या छावण्या पडलेल्या, आमच्या गल्लीत नळाला चार दिवसांआड पाणी. आणि इथे लेकीच्या घराच्या मागच्या दारी चर, पुढच्या दारी कालवा, आकाशातून वरून आणखी भुरभुर. पहिल्या दिवशी भांडी घासताना नळ सोडून ठेवायचा धीरच होईना.

चीजमुळे ज्या गावाला सगळं जग ‘गौडा’ म्हणतं, त्या गावाजवळ लेक राहते. तिथली माणसं त्याला ‘खाउदा’ म्हणतात, आणि तो ‘ख’ घशात खाकरून काढावा लागतो. मला तो जमला, पण तो सर्दीमुळे. त्या वर्षीचा मार्च तिकडे थंडीने गाजला होता. झाडं काळी, शेतं करडी, ट्युलिपांचा पत्ता नाही. करायला काही नव्हतं, म्हणून मी खिडकीत बसून शेजार बघत होते.

शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. तिच्या खिडकीचे पडदे दिवसभर उघडे. सात वाजता दिवा लागे, मग पाव, त्यावर चॉकलेटचा चुरा (या वयात! मला वाटलं नातवंडासाठी असेल, पण नातवंड कुठेच दिसेना), मग सायकल. पाऊस असो, वारा असो, गुडघ्यापर्यंतचा रेनकोट घालून बाई निघाल्या बाजाराला. गल्लीतली पोरं तिला ‘ओमा’ म्हणायची. ओमा म्हणजे आजी. मीही तेच म्हणू लागले.

तिने मला कॉफीला बोलावलं ते कुंपणावरून, बोटांनी खुणा करत. ‘गुरुवारी, हाल्फ एल्फ.’ एल्फ म्हणजे अकरा हे लेकीने शिकवलं होतं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, त्यामुळे ‘हाफ’ ऐकून साडेअकराला छान साडी नेसून गेले. ओमा तासभर दोन कप मांडून बसलेली. डच लोकांचं ‘अर्धं अकरा’ म्हणजे अकराला अर्धा तास कमी, आपले साडेदहा! तिने घड्याळ दाखवलं, मी कपाळावर हात मारला, दोघी हसलो. कॉफीबरोबर तिने पत्र्याचा डबा उघडला, एक बिस्किट घेऊ दिलं आणि झाकण लावून टाकलं. आमच्याकडे पाहुण्याने तीनदा ‘नको’ म्हणायचं आणि आपण चौथ्यांदा वाढायचं. इथे ‘नको’ म्हणायची संधीच नाही.

पहिले काही दिवस मी मनातल्या मनात तिला अहो-जाहो करत होते. डचमध्येही ‘यू’ आणि ‘ये’ असा आपल्या तुम्ही-तू सारखा फरक आहे. एके दिवशी ओमाने लेकीला बजावलं, ‘मला यू नको, ये म्हण.’ तेव्हापासून ती माझ्यासाठीही ‘ती’ झाली.

नात १९ एप्रिलला झाली. तिकडे बाळ-बाळंतिणीसाठी पहिला आठवडा घरी रोज एक प्रशिक्षित बाई येते, त्यामुळे माझ्या मालिश-धुरी-शेकाच्या योजनांवर रोज वाटाघाटी चालायच्या. आणि तिसऱ्या दिवशी ओमा ताट घेऊन आली. गोल कडक टोस्ट, त्यावर लोणी आणि त्यावर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. ‘माऊशेस’, म्हणजे छोटे उंदीर! मुलगा झाला तर निळे, मुलगी झाली तर गुलाबी, राजघराण्यात पाळणा हलला तर केशरी. मी एक गोळी चावली आणि थबकले. साखरेच्या आत बडीशेपेसारखा, ॲनिसचा दाणा. का, विचारलं, तर ओमाने छातीकडे हात नेला: आईला दूध येतं. मी आत गेले, बाळंतशेपांची पुडी आणली, तिच्या तळहातावर ठेवली. ओमाने हुंगली, चावली आणि अशी मान हलवली, जणू कुठल्याशा परीक्षेत मी पास झाले.

मग तिने मला सायकलवर बसवलं. पस्तीस वर्षांनी. तिची जुनी, बुटकी सायकल, नि माझ्या अंगात लेकीचं जॅकेट. बांधावरून निघालो. एका हाताला पाणी वर, दुसऱ्या हाताला शेतं खाली! नदी माणसांच्या डोक्यावरून वाहते, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. खाउदाच्या नैर्ऋत्येला देशातली सर्वांत खोलगट जमीन आहे, समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली. तिथे घरं आहेत, गायी आहेत, शाळा आहेत. पंप थांबले तर तळं होईल. पावसाचं पाणी चरात, चरातून कालव्यात, कालव्यातून नदीत, असं पायरीपायरीने उचलून समुद्रात टाकतात, वर्षानुवर्षं, रात्रंदिवस. ते बघणारी पाणीमंडळं त्यांच्या राज्यघटनेपेक्षा कितीतरी जुनी. एकाचा उल्लेख १२५५ सालचा आहे. लोक त्यांना मतं देतात, वेगळा कर भरतात. पंपघराशी उभी राहून मी ते पाणी जाताना बघत होते, आणि खरं सांगते, मला राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही.

चरांमध्ये काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी पोहत होते. हे तर आपले वारकरी! उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात दिसणारे. ओमाला ‘वारकरी’ समजावताना माझी दमछाक झाली. टाळ, वारी, पंढरपूर, सगळं हातवाऱ्यांनी. तिला एवढंच कळलं असावं, की हे पक्षी चालत देवाला जातात. तिने त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं. ते मात्र काटक्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं घरटं बांधण्यात गुंग होते.

ओमाचा खरा जीव ‘किवित’वर. हिरवट काळा, डोक्यावर शेंडी, ओल्या कुरणावर कोलांट्या घेत ओरडणारा. स्वतःचंच नाव ओरडतो: कि-वित, कि-वित. आपली टिटवी त्याची सख्खी चुलतबहीण, तीही नावानेच ओरडते. आपण तिच्या ओरडण्याला अशुभ ठरवलं, इथे मात्र वर्षातलं पहिलं अंडं कुणाला सापडलं याची बातमी होते. कुरणात जागोजागी काठ्या रोवलेल्या दिसल्या. घरटं जमिनीवर असतं, म्हणून गवत कापायच्या आधी स्वयंसेवक तिथे खूण करून ठेवतात. ओमा सत्तरीपर्यंत हे काम करायची. नंतर तिने काठ्या नातीला दिल्या. ‘गुडघे,’ एवढंच म्हणाली.

परतताना एका गोठ्याशी गर्दी दिसली. हिवाळाभर आत बांधलेल्या गायी त्या दिवशी पहिल्यांदा कुरणात सोडणार होते. दार उघडलं आणि त्या पोक्त, दुभत्या बाया चक्क उड्या मारत बाहेर आल्या. मागचे पाय हवेत, कासा झुलतायत, शेपट्या उभ्या. एक तर गुडघ्यांवर बसून मातीत डोकं घासत होती. मला छावणीतली जनावरं आठवली. ओमा माझ्याकडे बघत होती. तिने काही विचारलं नाही, पण सायकलीकडे चालताना माझी बाही धरून ठेवली.

त्या संध्याकाळी तिने स्वतःचं सांगितलं. लेक बाळाला पाजता पाजता भाषांतर करत होती. ओमा मूळची झीलंडची, नैर्ऋत्येच्या बेटांवरची. ३१ जानेवारी १९५३. राजकन्या बेआट्रिक्सचा पंधरावा वाढदिवस, म्हणून दिवसभर घरावर झेंडा. रात्री वादळ, भरती, आणि बांध फुटले. देशभरात १८३६ माणसं गेली. ओमा तेव्हा अठरा वर्षांची, दोन रात्री माळ्यावर काढल्या. खाली गोठ्यात गायी होत्या. पुढे तिने त्या गायींची नावं सांगितली, एकेक करून, सात. लेकीने भाषांतर थांबवलं. नावांचं काय भाषांतर करणार?

‘मग युलिआना आली,’ ओमा म्हणाली. ‘राणी. रबरी बूट घालून, चिखलातून.’

ओमाच्या राजनिष्ठेचं मूळ त्या बुटांत आहे, असा माझा समज आहे. एरवी ती राजघराण्याच्या खर्चावर यथेच्छ बोलायची.

त्या वर्षी सगळीकडे एकच विषय होता. २८ जानेवारीला राणी बेआट्रिक्सने टीव्हीवर सांगितलं होतं, की ३० एप्रिलला मी पायउतार होते. पंचाहत्तरीची झाली, तेहेतीस वर्षं झाली, आता मुलगा, विलेम-अलेक्झांडर. मला नवल वाटलं. गादी म्हणजे मेल्यावरच रिकामी व्हायची, अशी आपली समजूत. इथे विल्हेल्मिनाने १९४८ साली सोडली, युलिआनाने १९८० साली, आणि आता बेआट्रिक्स. आजी, आई, मुलगी, तिघींनीही जिवंतपणी. १८९० पासून १२३ वर्षं या देशात राजा नव्हताच, राण्याच होत्या.

ओमाची ही तिसरी गादी. पहिली रेडिओवर, चौदाव्या वर्षी, सगळं गाव एका घरात जमलेलं. दुसरी टीव्हीवर, आणि ती तिने राणीसाठी पाहिलीच नाही. त्या दिवशी ॲमस्टरडॅममध्ये घरटंचाईवरून मोठी दंगल झाली होती, ‘घर नाही, तर राज्याभिषेक नाही’ अशी घोषणा होती. ओमाचा थोरला तेव्हा तिथे विद्यार्थी होता, मोर्चात. ती धुराच्या लोटात मुलाचं लाल जाकीट शोधत बसली होती.

३० एप्रिलला ऊन पडलं. घराघरावर लाल-पांढरा-निळा झेंडा आणि वर केशरी पताका. ३० एप्रिल हा तेव्हा राणीचा दिवस म्हणून देशाचा सण होता, मुळात युलिआनाचा वाढदिवस. बेआट्रिक्सचा ऐन थंडीत येतो, म्हणून तिने आईचाच चालू ठेवला. या सणाला कुणीही रस्त्यात चादर पसरून घरातलं जुनंपानं विकावं. आठ वाजता ओमा फरशीवर जुनी चादर अंथरून बसली होती: चिनी मातीच्या बशा, पुस्तकं, एक चाळणी, नवऱ्याचे दोन टाय. शेजारची सात वर्षांची पोर बासरी वाजवून पैसे मिळवत होती. सूर एकच, तोही चुकीचा.

पावणेदहाला ओमाने चादरीवर ‘परत येते’ असा कागद ठेवला आणि आम्ही आत गेलो. थोरला मुलगा आला होता. पंचावन्नचा, टक्कल पडलेला, गळ्यात केशरी टाय. त्याने केशरी साखरेच्या थराच्या पेस्ट्री आणल्या होत्या. ओमाने त्याच्या टायकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. तो म्हणाला, ‘आई, बायकोने घातला.’

दहा वाजून गेले. ॲमस्टरडॅमचा राजवाडा, लांबलचक टेबल, कागद. बेआट्रिक्सने सही केली. एवढंच. ना शंख, ना नगारा. आमच्या तहसील कचेरीत खरेदीखताला याहून जास्त गडबड असते. मग तिने मुलाचा हात हातात घेतला. खोलीत कुणी बोललं नाही. सही होईपर्यंत राणी होती, सहीनंतर पुन्हा राजकन्या.

‘पंचाहत्तराव्या वर्षी राजकन्या,’ ओमा म्हणाली, ‘मलाही चालेल.’

ते सज्जात आले. खाली चौक केशरी. नव्या राजाने भाषणाची सुरुवात ‘लीव्ह मूडर’ने केली, म्हणजे ‘लाडक्या आई’. बेआट्रिक्सचा चेहरा तेवढ्यात हलला. ओमा हळूच म्हणाली, ‘तिला दुसऱ्याची आठवण येत असेल.’ मधला मुलगा, फ्रिसो. तो आदल्या वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रियात बर्फाच्या कड्याखाली सापडला होता, तेव्हापासून शुद्ध नव्हती. थोरल्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण पेस्ट्री घे म्हणून सांगितलं.

बाहेर तीन बशा आणि दोन्ही टाय गेले होते, पैसे कागदाखाली ठेवलेले. चाळणी मीच घेतली, पन्नास सेंटला. ओमाने घासाघीस करू दिली नाही.

दुपारी चर्चमधला समारंभ. मला वाटलं, आता मुकुट चढवतील. मुकुट होता, पण मेजावर, राज्यघटनेच्या प्रतीशेजारी. तो डोक्यावर ठेवायची रीतच नाही. थोरल्याने सांगितलं, की मुकुट १८४० सालचा, चांदीवर सोन्याचा मुलामा, खडे-मोती खोटे. ‘डच!’ असं तो अभिमानाने म्हणाला की लाजून, कळलं नाही. राजाने घटनेशी निष्ठेची शपथ घेतली, आणि मग संसदेचे सदस्य एकेक नाव पुकारल्यावर उठून शपथ किंवा वचन देऊ लागले. नावं संपेनात. राजाची बायको मॅक्सिमा आणि तिन्ही मुली निळ्या कपड्यांत, धाकटीचे पाय अस्वस्थ. ‘याला पाण्यातलं कळतं हं,’ ओमा राजाबद्दल म्हणाली. युवराज असताना तो संयुक्त राष्ट्रांच्या पाणी आणि स्वच्छतेच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्ष होता. मी मनात म्हटलं, मग एकदा सोलापूरला ये बाबा.

शेजारून घोरण्याचा आवाज आला. ओमा खुर्चीत झोपली होती, मांडीवर पैशांचा डबा. आम्ही आवाज कमी केला. सव्वापाचला ती आपणहून जागी झाली, घड्याळ पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं.

‘झाला का राजा?’

‘झाला,’ थोरला म्हणाला.

‘बरं,’ म्हणत ती उठली आणि बटाटे उकडायला टाकायला आत गेली.