व्हिनेगरमधलं आम्ल मोजताना आधी सोडिअम हायड्रॉक्साइड तपासा

पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल किती आहे, हे टायट्रेशनने (ठाऊक तीव्रतेचं द्रावण किती लागतं ते मोजून) तासाभरात कळतं. मात्र ०.१ मोलर (लिटरमागे रेणुभाराच्या ०.१ पट ग्रॅम) म्हणून ४ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात विरघळवलं आणि तोच आकडा गणितात घातला, तर उत्तर चुकणारच. त्याच्या पेलेट्स (छोट्या गोळ्या) वजन करता करताच हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. म्हणून आधी या द्रावणाची खरी तीव्रता काढायची.

त्यासाठी स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल (रेणुभार १२६.०७) १.५७६ ग्रॅम घेऊन २५० मिली द्रावण करा, हे ०.०५ मोलर होतं. त्याचे १० मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये, सोडिअम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेल्या मापनळीत). समजा १०.३ मिली लागले. ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू दोन प्रोटॉन देतो, म्हणून तीव्रता ०.०९७१ मोलर. हा दोन विसरला की उत्तर निम्मं येतं.

आता १० मिली व्हिनेगर १०० मिलीपर्यंत पातळ करा आणि त्यातले २५ मिली पिपेटने (ठरावीक माप उचलणाऱ्या नळीने) फ्लास्कमध्ये घेऊन त्याच सोडिअम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करा. ब्युरेट व पिपेट ज्या द्रावणाने भरायचं त्यानेच खंगाळा. फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. तिथे द्रावणाचा अंश राहिला तर आम्ल वाढतं, पाणी राहिलं तर काही बिघडत नाही. ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा काढा, वरचं फनेलही काढून ठेवा. पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकून पाडू नका, पिपेटच्या मापात तो आधीच वगळलेला असतो.

दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) फिनॉल्फ्थॅलिनच हवा. ॲसेटिक आम्ल सौम्य असल्याने समतुल्य बिंदू (जिथे सगळं आम्ल नेमकं संपतं) सामू (pH) ८.७ च्या आसपास येतो; मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक ४.४ पर्यंतच रंग बदलून मोकळा होतो. शेवटी एकेक थेंब सोडा. फिकट गुलाबी छटा ३० सेकंद टिकली की थांबा. नंतर ती विरते ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, तिच्यामागे आणखी थेंब घालत बसू नये. गडद गुलाबी झालं तर ते वाचन सरळ सोडून द्या. ०.१ मिलीच्या आत जुळणारी तीन वाचनं मिळेपर्यंत पुन्हा करा.

समजा सरासरी १७.४ मिली आली. ०.०९७१ × १७.४ ÷ २५ = ०.०६७६, व्हिनेगर दहापट पातळ केलं होतं, म्हणून दहापट केल्यावर ०.६७६ मोलर. याला ६०.०५ ने गुणलं की लिटरला ४०.६ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ४.०६ ग्रॅम, ४.०६ टक्के. तपासणी न करता ०.१ धरलं असतं तर हेच ४.१८ टक्के दिसलं असतं.